आक्कांचं न वाकणारं कोपर

फिजिओथेरपी म्हणजे पेशंटचा हात माझ्या हातात आणि पेशंट अर्धा तास समोर. तोंड गप्प कसं राहील? साताऱ्यात दवाखाना टाकल्यापासून माझ्याकडे किस्स्यांचा नुसता ढीग झालाय. त्यातही कोपरवाले भारी! चालता येतं, बोलता येतं, पण घास तोंडाशी जात नाही आणि शर्टाचं वरचं बटण लागत नाही. मग माणूस वैतागतो, आणि वैतागला की बोलत सुटतो.

\*

सांगलीकडचा एक पैलवान यायचा. कुस्तीत कोपर निखळलेलं. दंड असा, की हात सांध्यात अडतोय की दंडच आड येतोय, हे पहिल्या दिवशी मला कळेना. त्याला बजावून सांगितलं की बाबा, कोपर तेल लावून चोळायचं नाही, जोरात चोळलं तर स्नायूत हाड धरतं आणि हात कायमचा अडतो.

दुसऱ्या दिवशी स्वारी यायच्या आधी तेलाचा वास आला.

"चोळलंस ना?"

"न्हाई म्याडम, आईशप्पत. मी हातबी लावला न्हाई. वस्तादांनी चोळलं."

मग वस्तादांनाच बोलावून घेतलं. बिचारे मान खाली घालून सगळं ऐकत होते, आणि ऐकता ऐकता खुर्चीचा हात चोळत होते.

\*

माझ्याकडे प्लॅस्टिकचा एक हात आहे. दंडाचं हाड, खालची दोन हाडं, मधे बिजागरीसारखं कोपर, सगळं सुटं करून दाखवता येतं. खंडेनवमीला आमच्या मदतनीस सुमनताईंनी मशिनांबरोबर त्याचीही पूजा केली. हळद-कुंकू, झेंडूची माळ, पुढ्यात उदबत्ती.

तेवढ्यात एक नवीन बाई दारात आल्या. त्यांनी ते हाड बघितलं, तो धूर बघितला आणि आल्या पावली जिना उतरल्या. सुमनताई हाका मारत मागे धावल्या, तर त्या रिक्षात बसूनच म्हणाल्या, "आमचं काय करणीबिरणीचं न्हाई वो. नुस्तं कोपार दुखतंय."

\*

एक रिटायर्ड सुभेदार होते. उजवं कोपर मोडलेलं. मी त्यांना घरी करायचा व्यायाम दिला, तर ते डाव्या हातानंही तेवढाच करायला लागले. म्हटलं, डावा तर चांगला आहे की.

"एकाला शिक्षा नि दुसरा मोकळा? आपल्यात चालत न्हाई."

पुढं पुढं ते सगळ्या खोलीलाच 'एक-दो-एक' करून व्यायाम करवायचे. मी आपली चहा घ्यायची.

\*

आणि आक्का. रहिमतपूरच्या. मोरीत पडून उजवं कोपर मोडलं. प्लॅस्टर निघालं तर हात काठीसारखा ताठ. मुलगा मिलिटरीत, लांब. घरात सासू आणि सून सुनंदा, दोघीच, आणि दोघींत बोलणं नाही. लग्नातल्या कुठल्याशा मानापानावरून जे बंद झालं ते झालं. चूलसुद्धा वेगळी.

पण आक्का हट्टी. डाव्या हातानं जेवायचं नाही, डाव्या हातानं दातांना तंबाखूची मिश्रीसुद्धा लावायची नाही. उजव्या हातानं लावता येत नाही म्हणून मिश्रीच सुटलेली, त्यामुळे तोंड कायम वाकडं. शेवटी सुनंदा भरवायला लागली.

तिला एमआयडीसीत दुपारपाळी. सकाळी आक्कांना घेऊन यायची, व्यायाम झाला की माझ्याच बाकावर डबा उघडून भरवायची, आणि मग त्यांना एसटीत बसवून कामाला जायची. आधी दोघी गप्प. मग "मीठ कमी हाय" वरून सुरू झालं आणि बघता बघता भावकीतल्या सगळ्यांची उणीदुणी निघायला लागली. एकदा तर दोघी इतक्या हसल्या की आक्कांना ठसका लागला. मला फार बरं वाटायचं.

हात मात्र थोडा वाकायला लागला आणि मधेच अडला तो अडलाच. काटकोनाच्या पुढे नेला की दंडाचा मागचा स्नायू टणक व्हायचा. "आई गं!" आक्का डोळे मिटायच्या. माझी झोप उडाली. शेवटी मी सांगितलं, आता सर्जनकडे पाठवते, बहुतेक ऑपरेशनच लागेल. सुनंदाचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी द्यायच्या आधी शेवटचं बघावं म्हणून मी आक्कांचा हात हातात घेतला. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक काळं कुळकुळीत. वर बघितलं, तर दातांच्या कडेलाही ताजी काळी रेघ. मिश्री!

मी ते बोट तसंच वर धरलं. सुनंदा डबा उघडत होती. तिनंही बघितलं. आक्कांनी मान खाली घातली. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात सुनंदा उठली. नॅपकिन ओला करून तिनं ते बोट पुसलं, नीट, नखापर्यंत. मग आक्कांना बाकावर बसवलं, भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवला आणि म्हणाली,

"आत्या, आ करा."