डाव्या कप्प्याची भिंत

"मागं काहून सरतेस? तुमच्या घरचाच तर माल आहे."

सर असं म्हणाले आणि वर्ग हसला. वाशीमच्या नर्सिंग कॉलेजात माझं पहिलं वर्ष. हृदयाचं प्रॅक्टिकल. बकऱ्याचं हृदय मीच आणायचं, मीच कापायचं, शेवटी ट्रे आणि टेबल मीच धुवायचं, हे सरांनी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. कारण आम्ही खाटीक. बाकीच्या पोरींनी लांबून बघून लिहायचं.

शेलूबाजारला माझ्या बापाचं मटणाचं दुकान. सकाळी त्यानं हृदय स्वच्छ धुऊन डब्यात घालून दिलं. म्हणाला, "एकबी नळी तोडली नाही बाई. तुले शिकाले पुरं पाहिजे ना." दर रविवारी हेच सर त्याच्याकडून मटण नेतात. बोटं चाटून खात असतील. घाण वाटते ती फक्त आमची.

सर नाकाला रुमाल लावून दोन हात लांब उभे. हातात फूटपट्टी. भिंतीवरच्या चित्रात बघायचं आणि पट्टीनं ट्रेमध्ये दाखवायचं. "हा उजवीकडं दिसतो तो डावा कप्पा. लिहा."

पण ट्रेमध्ये हृदय पालथं पडलं होतं, म्हणजे डावं-उजवं चित्राच्या उलट. चित्राशी जुळणार कसं? मी टोकाकडचे दोन्ही मोठे कप्पे उघडले, बोट घातलं. पट्टीखालची भिंत पातळ. दुसरी चांगली जाड, हाताला घट्ट. जाड तीच डावी. उजव्या कप्प्याला रक्त शेजारच्या फुप्फुसात ढकलायचं असतं, डाव्याला साऱ्या अंगात. दंडाला पट्टा बांधून आपण जे बीपी मोजतो, त्यामागं ह्याच भिंतीचा जोर असतो. पुस्तकात तेच छापलंय.

मी म्हणाले, "सर, ही उजवी आहे. डावी इकडं. हात लावून बघा."

सर लालबुंद. "तुझं काम कापायचं. शिकवायचं माझं. सुरी धरता आली म्हणून कोणी नर्स होत नाही. मी सांगतो तेच लिही, नाहीतर जर्नलवर सही नाही. मग परीक्षेला कशी बसतेस ते पाहतो."

शेजारची पोरगी पुटपुटली, "कायले बोलून राह्यली? लिहून टाक ना."

तळपायाची आग मस्तकात गेली. सरांचा राग आलाच, माझा जास्त आला. ॲडमिशनच्या वेळी बाप काय करतो विचारलं, तर मी शेती म्हणाले होते. वीतभर जमीन नाही आम्हाला. लाज वाटली होती, दुसरं काय! आणि इथं ज्याला हृदयाची डावी-उजवी कळेना, तो ताठ मानेनं उभा. सगळ्या वह्यांत चूक उतरत होती. ह्याच पोरी उद्या दवाखान्यात पेशंटजवळ उभ्या राहणार.

मी सुरी खाली ठेवली. "ट्रे मी धुणार नाही," म्हणाले. कोणी हसलं नाही.

जर्नलमध्ये मी खरं तेच लिहिलंय. सही अजून नाही. परीक्षा तोंडावर आलीय. मी रोज सरांच्या टेबलासमोर जर्नल उघडून ठेवते, ते रोज बाजूला सारतात.

काल बाप म्हणाला, "मी येतो बाई. सराईच्या पाया पडतो. वर्ष नको वाया जाऊ देऊ."

"बाबा, तुमी यायचं नाही," मी म्हटलं.

वर्ष गेलं तरी चालेल. आमच्या घरातलं कोणी त्यांच्या पाया पडणार नाही. त्यांनी सही करावी, नाहीतर सगळ्या वर्गासमोर ट्रेमध्ये हात घालून मला खोटं ठरवावं.