गवती चहाच्या तेलाची पट्टी

भट्टीवाल्याचं नाक कधीच कामातून गेलं होतं. उभा जन्म गवती चहाचं तेल काढण्यात गेला, वाफेच्या तोंडाशी बसून बसून दुसरा वास कळेनासा झाला. "तुमचं नाक फक्त चष्मा टेकवायला," बायको म्हणायची. तेल नीट उतरलं की करपलं, हे दारातून तीच सांगायची.

तिला मधुमेह. पाय बधिर झालेले. तळव्याला जखम झाली तरी दुखेना. डॉक्टरांनी रोज दवाखान्यात येऊन पट्टी बदलायला सांगितलं, पण हा कसला ऐकतोय! प्रयोगशाळेत नोकरीला असलेल्या भाचीने त्याचं तेल तपासलं होतं. काचेच्या बशीत जंतू वाढवून मधे थेंब टाकला, तर थेंबाभोवती जंतूंचा मागमूस उरला नाही. "मामा, यात सिट्रल असतं, ते मारतं त्यांना," ती म्हणाली आणि मामा हवेत गेले. घरात औषध असताना दवाखान्यात खेटे कोण घालणार? रोज जुनी पट्टी काढायची, जखमेकडे नीट न बघताच तेलाने निथळती नवी बांधायची. खोलीत तेलाचा असा घमघमाट, की तिथेच पडून असलेल्या बायकोच्या तरबेज नाकालाही दुसरं काही कळेना.

"दुखतंय का गं?"

"छे! काहीच नाही."

एवढ्यावर दोघं खूश. वेडीच होती दोघं.

मग एका दुपारी भाची आली आणि उंबऱ्यातच थबकली. "मामा, हा नुसता तेलाचा वास नाहीये." तिने पट्टी सोडली. तेलाने कातडी भाजून निघाली होती, आणि आत पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता.

पाय गुडघ्याखालून कापला. "बशीतलं सांगितलं होतं मी, मामा," भाची रडत म्हणाली, "मामीच्या पायाला लावा असं कुठे म्हटलं?" बायकोने तर एका शब्दानेही दोष दिला नाही. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसरं काही येत नसल्याने त्याने पुन्हा भट्टी पेटवली. सवयीने पहिली बाटली तिच्या नाकाशी धरली. "बघ गं, नीट उतरलंय का?"

तिने तोंड फिरवलं. "मला नका विचारू हो. मला आता यात पायाचाच वास येतो."

त्याने बाटली स्वतःच्या नाकाशी नेली, पुन्हा पुन्हा हुंगली. त्याला कसलाच वास आला नाही.