आबांची आठ मिनिटं

ओहायोतल्या आमच्या डब्लिन गावच्या थिएटरात एक तमिळ सिनेमा लागला होता. ऑफिसातला तमिळ मित्र म्हणाला, लोककलावंतांवर आहे, गाणी भरपूर आहेत, वडिलांना दाखव. त्या शनिवारी सोफ्यावरून उठणंही माझ्या जिवावर आलं होतं. पण आबांना अमेरिकेत येऊन दोन महिने झाले होते आणि दुकानांपलीकडे मी त्यांना काही दाखवलं नव्हतं.

आबा गोंधळी. लोकांच्या घरी लग्नानंतर देवीचा गोंधळ घालायचा, कमरेला संबळ बांधून गावोगावच्या देवांना नावानिशी बोलवायचं, यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. एक नियम मात्र कडक. देवांना एकदा बोलावलं की आरती होईपर्यंत मध्येच थांबायचं नाही. पाहुण्याला दारात उभं करून आपण झोपायला जातो का, असं ते विचारायचे.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते गोंधळ घालणार होते. एवढ्यासाठी संबळ धोतरात गुंडाळून त्यांनी विमानातून आणलं होतं. मंडळाने अर्धा तास कबूल केला होता. आबांनी गोंधळ कापून, शिवून, आरतीसकट बरोबर अर्ध्या तासात बसवला. रोज दुपारी ते गराजमध्ये सराव करत.

आठवड्यापूर्वी कमिटीतल्या एकाचा फोन आला होता. "यार, काकांचं जरा शॉर्ट करावं लागेल. किड्सचे तीन डान्स ॲड झालेत आणि केटरर लवकर येतोय. आठ मिनिटं, ओके ना?"

मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होतो, डोकं दुखत होतं. "ओके," म्हणालो. आबांना आज सांगू, उद्या सांगू करत मूग गिळून बसलो. मला भांडायचा कंटाळा आला होता, हे खरं कारण. बाकीची कारणं मी नंतर शोधली.

सिनेमाला आम्ही धरून नऊ माणसं होती. खाली इंग्रजी अक्षरं येत, मी ती आबांच्या कानात मराठीत सांगत होतो. पहिली दहा मिनिटं. मग ते म्हणाले, "राहू दे, कळतंय मला." पडद्यावर एका गावच्या जत्रेत म्हातारा वादक रंगात आला होता. तेवढ्यात संयोजकांनी त्याचा माईक बंद केला आणि मोठ्या कर्ण्यांवर सिनेमाची गाणी लावली. म्हातारा थोडा वेळ तसाच वाजवत राहिला. त्याला ऐकायला येत नव्हतं, की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला तिथे बसवेना.

गाडीत बसल्यावर मी सांगून टाकलं. "आबा, उद्या अर्धा तास नाही. आठ मिनिटं आहेत."

"कधी ठरलं?"

"आठवडा झाला."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पट्टा लावायचा प्रयत्न केला, जमला नाही, मी लावून दिला.

"मी फोन करून कॅन्सल करतो," मी म्हणालो.

"नको. तुझी माणसं हायेत ती. तुला हितं ऱ्हायचंय." मग टोपी परत डोक्यावर घालत म्हणाले, "बघतो मी."

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये आबा झगा घालून, कवड्यांची माळ लेवून उभे राहिले. मी पहिल्या रांगेत होतो. ते वाजवायला लागले आणि मागे मोबाईलवर खेळणारी मुलंसुद्धा उठून उभी राहिली. हात तसाच होता, चाळीस वर्षं मुरलेला. तोंड मात्र मिटलेलं. तुळजापूरची नाही, माहूरची नाही, कुणाही देवीला त्यांनी हाक मारली नाही. नुसतं वाजवलं, आणि सातव्या मिनिटाला आपण होऊन थांबले.

टाळ्या थांबेनात. कमिटीतला तो धावत आला. "काका, काय एनर्जी! आणि एकदम टाइममध्ये!"

आबांनी हसून हात जोडले. जेवताना जो तो येऊन मला सांगत होता, गोंधळ मस्त झाला. मी प्रत्येकाला थँक्यू म्हणालो. गोंधळ झालाच नव्हता. ते आबांना माहीत होतं आणि मला, आणि तो होऊ न देणारा मीच होतो.