सूर्याकडे पाठ करून उभे राहणारे चाचा

सूर्यग्रहणावर जगात सगळ्यात जास्त बोललेला माणूस जुन्या जालन्यात आमच्या शेजारी राहत होता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. बाकीचे जाणकार ग्रहण आलं की चार दिवस बोलतात आणि गप्प बसतात. चाचांना बोलायला ग्रहण असायची गरजच नव्हती. ते आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळेत 'सर' आणि गल्लीत 'चाचा' हा त्यांनीच घालून दिलेला नियम. वर्गात कुणी चुकून चाचा म्हटलं तर त्यांना ऐकूच यायचं नाही आणि गल्लीत सर म्हटलं की, "शाळा सुटली ना रे बाबा, आता कायचा सर?" म्हणून उलट तेच वैतागायचे. ग्रहणाला मात्र शाळा सुटणं माहीत नव्हतं.

हाताला लागेल त्या वस्तूतून ते ग्रहण दाखवायचे. हॉटेलात बसले की बशी सूर्य आणि बिस्किट चंद्र. माझ्या ताईच्या लग्नात पंगतीला बसले आणि शेजारच्या पाहुण्याला समजावून सांगायला त्यांनी त्याच्याच ताटातला पापड उचलून उभा धरला. पापडापुढून पुरी हळूहळू सरकतेय, वाढपी जिलबी घेऊन ताटकळलाय, पाहुणा उपाशी, आणि चाचा म्हणतायत, "ठैरो, खग्रास होऊन राह्यलं!" पाहुणा नेमका नवरदेवाचा मामा निघाला. आमचे वडील हात जोडत धावले. पण तो मामा पुढे जेव्हा जेव्हा भेटला तेव्हा त्यानं आधी चाचांचीच चौकशी केली, आमची नंतर.

त्यांचं सगळ्यात लाडकं साधन म्हणजे स्वतःचा अंगठा. एक डोळा मिटायचा, हात लांब करून अंगठा उभा धरायचा आणि समोरची इमारत झाकून दाखवायची. "लहान चीज जवळ असली का मोठी चीज झाकून टाकती. बस, इतकंच हाय ग्रहन." हा प्रयोग ते भर बाजारात, धान्याच्या दुकानांसमोर करायचे. अंगठा बघून मोटारसायकलवाल्यांना वाटायचं, चाचांना लिफ्ट पाहिजे. ते थांबायचे आणि चाचाही मागे बसायचे. "थांबला बिचारा, मंग न्हाई कसं म्हनावं?" चाची वैतागून आईला सांगायच्या, "मेथी आनाया गेल्ते, टेशनावर उतरले!"

संध्याकाळी गल्लीत आम्हां पोरांचं सूर्यमंडळ भरायचं. किराणावाल्यांचा गोलमटोल मुलगा कायमचा सूर्य. त्याला काम काहीच नव्हतं, मधोमध उभं राहून शेंगदाणे खायचे. मी हडकुळा, म्हणून चंद्र. पृथ्वी सूर्याभोवती फिरणार आणि मी त्या फिरणाऱ्या पृथ्वीभोवती धावणार. शिवाय दर अमावास्येला ग्रहण का होत नाही हे कळावं म्हणून मी अर्धी फेरी ओट्यावरून आणि अर्धी खाली रस्त्यावरून मारायची! गरगरून मी एकदा खाली बसलो तर चाचा गंभीरपणे म्हणाले, "ऊठ. चंद्राला चक्कर येत न्हाई." त्या दिवशी आईनं त्यांना चार शब्द सुनावले. चाचांनी ते मान खाली घालून ऐकले आणि दुसऱ्या दिवशी चंद्राला गूळ-शेंगदाणे मिळायला लागले. 'सूर्याला गिळलं' असं म्हणायची मात्र आम्हांला सक्त बंदी होती. जो म्हणेल त्यानं ग्रहणाची आकृती काढायची.

आणि एवढ्या सगळ्या तयारीनंतर, आम्ही सहावी-सातवीत असताना, ऐन दिवाळीत सकाळचं ग्रहण आलं. आमची आई आणि चाची यांचं एरवी गल्लीतल्या नळावरून रोज वाजायचं, पण त्या दिवशी दोघींची एकी झाली. आईनं पाण्यात तुळशीपत्र टाकलं, चाची दुआ मागायला बसल्या आणि दोघींनी आपापल्या खिडक्या लावून घेतल्या. चाचा घरोघर जाऊन हात जोडत होते, "वहिनी, फक्त दोन तास पोरगं द्या. जसं नेलं तसं आनून देतो, बिलकुल." सगळी पोरं गच्चीवर जमली. चाचांनी पुठ्ठ्याचे चष्मे स्वतः तपासून प्रत्येकाच्या डोळ्यांना लावले आणि मग ते सूर्याकडे पाठ करून आमच्यासमोर उभे राहिले. कुणाचा चष्मा जरा घसरला की झडप घालायचे. "चाचा, तुम्ही पण बघा ना," मी म्हणालो. "सूर्य कुठं पळून जातो? तुमचा भरवसा न्हाई," ते म्हणाले. शेवटचा चष्मा काढून झाल्यावर त्यांनी वळून बघितलं, तेव्हा सूर्य रोजच्यासारखा गोल झाला होता.

नंतरचं एक ग्रहण पावसाळ्यात आलं आणि ढगांत गेलं. चाचा छत्री घेऊन आम्हांला ढगामागे काय चाललंय ते सांगत राहिले. निवृत्त झाल्यावर एका थंडीतल्या ग्रहणाला शाळेनं मुद्दाम बोलावलं, तर तिथे अख्खं पटांगण भरून पोरं. पुन्हा पाठ सूर्याकडे.

पुढे मी बँकेत लागलो, गाव सुटलं. एका सुट्टीत चहा पिताना चाचा हळूच म्हणाले, "एक बात सांगू? जिंदगीभर पोरांना शिकवलं, पन आपन सोता बघितलंच न्हाई. फोटू हायेत, पन फोटूचं काय. कधी कधी वाटतं, आपन सांगितलं तसंच असंल ना रे?" मी हसलो. ते हसले नाहीत. बशीतला चहा निवून गेला तरी ते तिच्याकडेच बघत होते. हा माणूस आयुष्यभर इतक्या खात्रीनं बोलला आणि आत ही एवढीशी टोचणी बाळगून होता, हे बघून मला गलबलून आलं.

म्हणून परवाच्या दिवाळीत संध्याकाळचं ग्रहण आलं तेव्हा मी आणि आमच्या सूर्यानं आधीच ठरवून टाकलं. सूर्य आता वडिलांच्या दुकानात बसतो आणि आकारानं भूमिकेला आणखी योग्य झालाय. आमची पोरं गच्चीवर उभी केली. चाचा काठी टेकत वर आले आणि सवयीनं पोरांसमोर, सूर्याकडे पाठ करून उभे राहिले. मी त्यांचे खांदे धरून त्यांना वळवलं. "चाचा, आज तुम्ही बघायचं. पोरांकडं मी बघतो."

"तुला न्हाई जमनार."

"जमतंय."

"नजर हटवायची न्हाई. कसम?"

"कसम."

त्यांनी चष्मा लावला. मी पोरांसमोर उभा. एका हातानं माझ्या लेकीचा चष्मा दाबून धरला होता आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून चाचांचा चेहरा दिसत होता. जन्मात पहिल्यांदा ग्रहण समोर होतं आणि चाचा गप्प होते. मग एकदम ओरडले, "अरे, गिळला की रे त्यानं!"

"चाचा, आकृती काढा!" आमचा सूर्य म्हणाला.

ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांचा आवाज ओला झाला. "तसंच हाय रे. बराबर तसंच हाय. खोटं न्हाई शिकवलं मी तुमाला."

सूर्य तसाच अर्धवट, घरांच्या मागे मावळला. जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला होता. मधेच थांबून विचारलं, "तू बघितलं का?"

"नाही. माझी पाठ होती ना."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आता झालास तू मास्तर," म्हणाले.

चाचा हल्ली मंठ्याला लेकीकडे असतात. गल्लीतून जाताना त्यांच्या ओट्याकडे बघवत नाही. फोन केला की तब्येतीचं विचारूच देत नाहीत, आधी विचारतात, "अगला कधी हाय?" मी सांगतो. मग त्या दिवशी पोरांसमोर कुणी उभं राहायचं आणि सूर्याकडे कुणी बघायचं, यावरून आमची भांडणं सुरू होतात. अजून त्यांचं म्हणणं मी मान्य केलेलं नाही आणि माझं त्यांनी.