जेम्सेस बुक, मोठ्यानं

पारगावहून मंचरला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी होती. इंग्रजीच्या शिक्षिकेच्या जागेसाठी तिची मुलाखत होती. खिडकीकडे तोंड करून ती इंग्रजीतल्या 'चा-ची-चे'चे उच्चार मोठ्यानं घोकत होती, "जेम्सेस बुक, थॉमसेस हाऊस." प्रत्येक 'सेस'ला बोट गुडघ्यावर आपटायची.

मागून एकजण म्हणाला, "ताई, हळू बोला की. टायरमधली हवा गेल्यागत वाटतंय." सगळे हसले.

ती वळली. "भाऊ, चुकत असंल तर सांगा. पण हळू बोल म्हनू नका. ऊसतोडीत माझे आईबाप जलमभर मुकादमापुढं हळूच बोलले."

हसू थांबलं. तिचं नावही मला ठाऊक नव्हतं, तरी सख्खी बहीण बोलल्यासारखी माझी मान ताठ झाली.

मंचरला ती उतरली, तेव्हा तोच माणूस खिडकीतून म्हणाला, "ताई, सायबापुढंबी आसंच मोठ्यानं."