शेषशायी लेखक

माझी धाकटी बहीण अलकनंदा आता पुन्हा पोटभर जेवायला लागली आहे आणि फोन वाजला तरी दचकत नाही. हुश्श! सुटलो एकदाचे. मधले दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. आता हसत सांगता येतंय, म्हणून सांगते.

दिल्लीतल्या एका विद्यापीठाचं छोटंसं प्रकाशन आहे. त्याचं कार्यालय नोएडात, आमच्या घरापासून दोन सेक्टर सोडून. खाली झेरॉक्सचं दुकान, वर हे लोक. तिथून इतिहासाची एक हिंदी शोधपत्रिका वर्षातून दोनदा निघते. प्राध्यापक मंडळी लेख पाठवतात, ते लेख बाहेरच्या जाणकारांकडे तपासायला जातात, त्यांनी मान डोलावली तरच छापले जातात. लेख कुणाचा हे तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही आणि कुणी तपासला हे लेखकाला कळू द्यायचं नाही, असा नियम. म्हणजे ओळखीपाळखीला वाव नको. तर लेखांमधून लेखकांची नावं पुसणं, हे नंदाचं काम. मुख्य संपादक बदलत राहतात, नंदा आपली तिथेच आहे.

कामाला साजेसा स्वभाव देवानं तिला दिलाय. पहाडगंजच्या मराठी शाळेत आम्ही दोघी जायचो तेव्हा ही बाई अर्ध्या जिन्यावरून परत वर जायची, कुलूप ओढून बघायला. आजही झोपण्याआधी गॅसचं बटण स्वतः बघते आणि मग मलाही बघायला लावते. मी तिला म्हणते, "नंदे, यमाच्या रेड्यावर बसलीस ना, तरी म्हणशील, थांबा हं, जरा गॅस बघून येते." ती हसते आणि परत एकदा बघते.

पण अति तिथे माती म्हणतात, ते खोटं नाही.

झालं असं, की विष्णू गव्हाणे नावाच्या मुलानं एक लेख पाठवला. परभणीकडचा. यूपीएससीच्या तयारीसाठी दिल्लीला आला आणि परीक्षा बाजूला ठेवून इतिहासातच रमला. एका कॉलेजात हंगामी शिकवत होता. लेख मराठवाड्यातल्या विष्णूच्या मूर्तींवर. कायमच्या नोकरीसाठी त्यानं अर्ज केला होता आणि लेख स्वीकारल्याचं पत्र जोडता आलं तरच मुलाखतीचं बोलावणं येणार होतं. हे त्यानं नंदाला फोनवर सांगितलं होतं, वशिल्यासाठी नव्हे, कधीपर्यंत कळेल एवढंच विचारायला.

नंदानं लेखातून आधी त्याचं पूर्ण नाव काढलं. मग नुसतं आडनाव शोधून काढलं. मग तिच्या मनात आलं, एखाद्या तळटीपेत नुसतं 'विष्णु' राहिलं असेल तर? म्हणून तिनं कंप्यूटरला सांगितलं, जिथे जिथे विष्णु दिसेल तिथे तिथे 'लेखक' घाल. त्यानं इमानेइतबारे घातलं. लेख विष्णूच्याच मूर्तींवर आहे हे त्या घाईत बाईसाहेबांच्या ध्यानातच आलं नाही.

लेख तपासायला गेला पानिपतच्या ग्रोवरसाहेबांकडे. मूर्तिशास्त्रातला मोठा माणूस, आता निवृत्त. त्यांचा अभिप्राय आला तो असा: "लेखक विद्वान होंगे, परंतु विनम्रता का घोर अभाव है। दूसरे ही पृष्ठ पर लेखक शेषनाग पर लेटे हैं और लक्ष्मी उनके चरण दबा रही हैं। आगे लेखक के चार हाथ बताए गए हैं। यह शोध नहीं, आत्मस्तुति है। अस्वीकृत।"

नंदानं घरी येऊन तो कागद माझ्यापुढे ठेवला. मी वाचला आणि हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. वराह अवताराच्या परिच्छेदात तर लेखकानं दातांवर पृथ्वी उचलली होती!

"ताई, हसू नकोस ना यार," नंदा म्हणाली. "त्याची नोकरी जाणार माझ्यामुळे."

मग माझं हसू थांबलं. मी व्यवहारी बाई, आयुष्य बँकेत गेलं. म्हटलं, "गप्प बस. त्याला फक्त नकार कळेल. का ते कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," ती म्हणाली आणि ताट सरकवून उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं मुख्य संपादकांना सगळं सांगितलं. सिन्हासर माणूस बरा आहे, ओरडले नाहीत. पण म्हणाले, "मैडम, ग्रोवरसाहब खुद अपनी राय बदलें तो ठीक, वरना मेरे हाथ बंधे हैं। सोमवार को मीटिंग है।" सोमवार हुकला की पुढचा अंक सहा महिन्यांनी, म्हणजे त्या मुलाच्या दृष्टीनं कधीच नाही. वर त्यांनी बजावलं, "और लेखक का नाम बिल्कुल पता नहीं चलना चाहिए।"

खरी गोम इथेच होती. 'लेखक' आहे तिथे 'विष्णु' वाचा, असं सांगितलं की नाव फुटलंच! न सांगावं तर लेख बुडाला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

ग्रोवरसाहेबांना ऐकू कमी येतं, त्यामुळे फोन कामाचा नाही. त्यांची मेल मुलगा सवडीनं बघतो. तेव्हा शनिवारी सकाळी नंदा पानिपतला निघाली आणि मी तिच्या मागे.

"मराठी माणसानं पानिपतला जाताना जरा विचार करावा," मी गाडीत म्हटलं. "आपल्याला ते गाव फारसं मानवलेलं नाही." नंदा हसली नाही. दुरुस्त केलेला लेख तिच्या पिशवीत होता आणि पिशवी पोटाशी.

खाली चादरी-पडद्यांचं दुकान, वर घर. मुलगा दुकानात बसलेला. त्यानं आम्हाला वर नेलं. ग्रोवरसाहेब खुर्चीत, पांढऱ्या झुपकेदार मिशा, चेहरा कडक. त्यांना ऐकू जावं म्हणून नंदाला ओरडून बोलावं लागत होतं आणि गुपितच ओरडून सांगायचं म्हणजे काय हाल! खालची गिऱ्हाइकं जिन्याकडे बघायला लागली असणार.

"सर, कंप्यूटर से गलती हो गई!" एवढं म्हणून ती थांबली. मग म्हणाली, "नहीं सर. गलती मेरी है। मैंने लेख में भगवान का नाम हर जगह बदल दिया।"

"भगवान का नाम? वह क्यों?"

नंदाला खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलायची परवानगी नव्हती. ती नुसती उभी राहिली, शाळेत गृहपाठ विसरलेल्या मुलीसारखी. मला इतका राग आला त्या नियमाचा! मी तोंड उघडणार, तेवढ्यात साहेबांच्या मिशा हलल्या. त्यांनी लेखाकडे पाहिलं, नंदाकडे पाहिलं, आणि खोलीभर हसले.

"अच्छा, अच्छा! कुछ मत बोलिए," ते म्हणाले. "इस विषय में इस नाम के तीन लोगों को मैं जानता था। दो ऐसा लिख नहीं सकते, तीसरे गुज़र गए। तो यह कोई चौथा है। चौथे को मैं नहीं जानता। आपका नियम सलामत है। लाइए।"

नंदा खाली बसली, खुर्ची आहे की नाही हे न बघता. नशिबानं होती.

साहेबांनी तिथल्या तिथे लेख पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्यांच्या सुनेनं चहा आणि मठरी दिली. मी भरपूर खाल्ली, कारण आता भीती उरली नव्हती. नंदानं कशालाच हात लावला नाही, ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. शेवटी त्यांनी नवा अभिप्राय लिहून दिला: लेख उत्तम, दोन मूर्तींचे काळ तपासून घ्यावेत, स्वीकृत. निघताना म्हणाले, "लक्ष्मीवाला पैराग्राफ बहुत अच्छा है। अब।"

परतीच्या गाडीत नंदा तोंड उघडं टाकून झोपली. मी खिडकीतून बघत बसले. पानिपताहून मराठी माणसं जिंकून परत निघाली होती आणि सांगायला डब्यात कुणी मराठी नव्हतं!

सोमवारी लेख मंजूर झाला, पत्र गेलं, मुलाला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि नोकरी लागली. मला वाटलं, संपलं. पण नंदाचं चाललंच होतं: त्याला सांगायला हवं. मी म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. मिटवून टाक." ऐकेल तर ती नंदा कसली?

गेल्या रविवारी विष्णू सोनपापडीचा डबा घेऊन आभार मानायला घरी आला. सडपातळ, सावळा, बुजरा मुलगा. तो खुर्चीत टेकला नाही तोच नंदानं, लेख तपासणाऱ्याचं नाव तेवढं वगळून, सगळं सांगून टाकलं. ती चुकीची प्रतही त्याच्या हातात दिली. म्हणाली, "माझ्यामुळे तुमचं वाटोळंच झालं असतं. तुम्ही मला काय वाटेल ते बोला."

तो पानं उलटत राहिला. हसलाही नाही. मला वाटलं, आता चिडणार, आणि चिडला असता तर मी त्याला दोष दिला नसता. एकेका ओळीखालून त्याचं बोट फिरत होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेत गेलं नाही. गावात मला विष्ण्या म्हणतात. कॉलेजात हंगामी म्हणून 'वो गेस्टवाले' म्हणायचे. लेखक असं अजून कुणीच म्हटलं नव्हतं. तुम्ही तर पानोपानी म्हटलंय."

नंदा रडायला लागली. माझेही डोळे भरून आले. त्यानं प्रत मिटली, पण परत दिली नाही.

"ही मी नेऊ का?" त्यानं विचारलं. "आईला वाचून दाखवतो."