फाटकाशी बसलेली काकू

वडिलांनी मला कॉलेजात घातलं ते एका अटीवर: घरचं माणूस सोबत जाईल आणि सोबत येईल. ब्रह्मा घाटावरच्या आमच्या वैदिकांच्या घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. सोबत जायला होती माझी थोरली काकू, लहानपणीच विधवा झालेली, केशवपन केलेली, लाल आलवणातली. "घरात रिकामी मी एकटीच ना? मग जाते," म्हणाली, आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत रोज येत राहिली.

मी वर्गात, ती फाटकाशी, चपराशाने टाकलेल्या चटाईवर वाती वळत. तोंडाची फटकळ, चपराशाशी आपल्या कोकणी हिंदीत भांडायची सुद्धा. परतताना गल्लीत शिरलो की विचारायची, आज काय शिकवलं? मी मराठीतून सांगायची. इतिहास तिला आवडे. तर्कशास्त्राला नाक मुरडायची, म्हणायची, एवढं सरळ सांगायला इतका खटाटोप कशाला गं?

शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर ती तापाने गेली. मूलबाळ नव्हतं, म्हणून वडिलांनीच अग्नी दिला. मी रडले नाही. तिचा कापूस, तिचा तांब्या, सगळं जागच्या जागी दिसत होतं आणि आत काही हलत नव्हतं.

घरात सुतक, आणि सुतकातच पेपर. आळीतले म्हणाले, पोरीला पुढच्या वर्षी बसवा. पण पुढचं वर्ष मला नव्हतंच. लग्न ठरत आलं होतं आणि सासरच्यांनी सांगून ठेवलं होतं, लग्नानंतर कॉलेज नाही. मी वडिलांना विचारलं नाही. पेपर बुडाला असता तरी चाललं असतं, इतकी बधिर झाले होते.

पेपरच्या दिवशी वडील पहाटेच घाटावर पिंड देऊन आले. ओल्या पंच्यात दारात उभे राहून म्हणाले, "चल."

सारी वाट पायी. शिवायला नको म्हणून गल्लीतली माणसं भिंतीला चिकटून उभी राहात होती. ओळखीच्या एका शास्त्रीबुवांनी तोंड फिरवलं. वडिलांनी मान वर केली नाही.

चपराशाला काहीच ठाऊक नव्हतं. लांबून वडिलांचं मुंडण केलेलं डोकं बघून त्याने सवयीने चटाई टाकली, आणि जवळ आल्यावर बिचारा ओशाळला. वडील चटाईच्या बाजूला उघड्या जमिनीवर बसले.

पेपरात काय लिहिलं ते मला आजही सांगता येणार नाही. हात लिहीत होता. उरलेल्या पेपरांनाही वडीलच आले, आणि मी पास झाले, एवढं खरं.

त्या पहिल्या दिवशी परतताना ते पुढे, मी मागे. संकठा घाटाच्या वळणावर ते थांबले. मागे न बघताच म्हणाले, "वहिनींना रोज सांगायचीस ना? सांग."

मी अकबराच्या जमीनमहसुलापासून सुरुवात केली. थोडं ऐकून घेऊन ते म्हणाले, "हे ठाऊक आहे मला. मी पानावर बसलो की वहिनी सांगायच्या. पुढचं सांग."

पुढचं म्हणजे काकू तापात असताना तिच्या उशाशी बसून मी एकटीने वाचलेलं. तिला ते सांगायचं राहून गेलं होतं. ते मी वडिलांना सांगत गेले, आमचं दार येईपर्यंत.